ज्या रविवारी आम्हाला वज्रेश्वरीला नेलं

गेल्या वर्षी दसरा झाल्यानंतरच्या रविवारी मी, बायको आणि दोन्ही मुलं वाडा तालुक्यातल्या एका कृषी पर्यटनाच्या ठिकाणी गेलो होतो. तिथे मुलांसाठी भातकापणीचा कार्यक्रम ठेवला होता. प्रत्येक मुलाच्या डोक्याला तयार फेटा घालायचे, हातात बोथट विळा द्यायचे, मूल चार-पाच काड्या कापायचं, फोटो निघायचा आणि विळा पुढच्या मुलाकडे जायचा. अडीच तासांत साठेक मुलांनी मिळून जेवढं भात कापलं तेवढं माझी आई एकटी पाऊण तासात कापून, बांधून, बांधावर आणून टाकायची. मुलगा मला बोलवायला आला तेव्हा मी गाडीत काचा वर करून बसलो होतो. तो म्हणाला, बाबा, तुमचा फोटो राहिलाय. मी त्याच्यावर ओरडलो. त्याची काही चूक नव्हती. संध्याकाळी बायकोने मला सुनावलं, की दरवर्षी याच दिवसांत तुम्ही घरातल्या सगळ्यांची तोंडं पाडता, मुलांना कारण कळत नाही; एकदा लिहून तरी काढा. म्हणून लिहितो आहे. मी ट्रक-डंपरच्या वजनकाट्यावर काम करणारा माणूस आहे. जे आहे ते आणि जेवढं आहे तेवढंच सांगायची मला सवय आहे, तसंच हेही सांगेन.

आमचं घर भिवंडीजवळ, पूर्णे गावात. बाबा भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात मेहता होते, म्हणजे कामगारांच्या शिफ्टा लावणं, तयार कापडाचे तागे मोजून घेणं, लूम बंद पडला की माणूस बोलावून चालू करून घेणं, हे सगळं त्यांच्याकडे. भिवंडीत कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी आणि माझ्या शाळेची रविवारी. त्यामुळे बाबा घरी असायचे त्या दिवशी मी शाळेत, आणि मी घरी असायचो त्या दिवशी बाबा ड्युटीवर. आठवीत जाईपर्यंत आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेली निशा, एकत्र कुठे फिरायला गेलो त्याची मोजदाद एका हाताच्या बोटांवर व्हायची, आणि तीही लग्नं आणि बारावे धरून. वर्गातली मुलं दिवाळीच्या आधी घरच्यांबरोबर कुठे कुठे जाऊन यायची, येऊन सांगायची. मी घरी येऊन ते सगळं आईला ऐकवायचो. आई तांदूळ निवडत असायची. ती म्हणायची, आपल्याकडं शेत हाय ना, तिकडं जा फिरायला.

शेत घराच्या मागेच होतं. बत्तीस गुंठे. त्याआधी आमची जी जमीन होती ती टप्प्याटप्प्याने गेली होती आणि या बत्तीस गुंठ्यांच्या तीन बाजूंना गोदामांचे पत्रे उभे होते. चौथ्या बाजूला नाला. आश्विनात सकाळचं ऊन त्या पत्र्यांवरून परत शेतावर यायचं आणि पिकायला आलेलं भात दोन्हीकडून उजळायचं. पोपटांच्या झुंडी यायच्या. त्यांना हाकलण्याचं काम माझं आणि निशाचं. डालड्याचा रिकामा डबा आणि बाभळीचा दांडका घेऊन आम्ही बांधावरून फिरायचो. आमच्या डब्याचा आवाज पत्र्यांवर आपटून परत यायचा, त्यामुळे दोनच मुलं असूनही दहा मुलं वाजवतायत असं वाटायचं. आई मागच्या पडवीत दगडावर विळे घासत बसायची. तिच्याकडे तीन विळे होते. त्यांची पाती घासून घासून इतकी बारीक झाली होती की निशा त्यांना चंद्र म्हणायची.

ही जमीनही विकली गेली होती. हे लपवलेलं नव्हतं. मोठे काका आणि बाबा, दोघांच्या सह्या झाल्या होत्या आणि आईने त्याला विरोध केला नव्हता. तिने एवढंच म्हटलं होतं, की लावणी आपण केलीय, हे शेवटचं भात घरात येऊ द्या, मग जागा कोणाची ती त्याला द्या. आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या सकाळी अंघोळ झाली की नव्या भाताचे पोहे खातात. भात आपल्या शेतातलं, पोहे घरी कांडलेले. ज्यांची शेतं गेली होती ते भिवंडीच्या बाजारातून पोहे आणायचे आणि त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. आईला निदान त्या वर्षी तरी बाजाराचे पोहे घरात यायला नको होते. ती दुसरं काही मागत नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आई मोठ्या काकांशी थेट बोलत नसे. थोरल्या दिरासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा, त्याच्या तोंडावर बोलायचं नाही, ही आमच्या आळीतली रीत होती आणि लग्नानंतर पंधरा वर्षं तिने ती पाळली होती. काकांचं घर आमच्या घराला लागून, मध्ये एक भिंत. तरी आईचा निरोप काकांकडे आणि काकांचा आईकडे न्यायला एक मूल लागायचं. ते मूल मी. दिवसाला सरासरी तीन निरोप, सणावाराला जास्त. मला त्याचा अभिमान होता, कारण मी एक शब्दही इकडचा तिकडे करत नसे. चुलत बहिणी गंमत करायच्या, निरोपात आपलं काहीतरी घालायच्या. मी कधी घातलं नाही.

श्रावणात एकदा मोजणीवाले आले होते. त्यांना उभ्या पिकातून साखळी ओढायची होती. आई बांधावर जाऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली, आणि त्यांना बांधाबांधाने फिरून मोजणी करावी लागली. त्याच संध्याकाळी तिने मला काकांकडे पाठवलं. काकाला विचार, भात कापून हुईपर्यंत कोणी शेतात येनार न्हाय ना. काका ओटीवर बाजेवर बसले होते. त्यांनी मला जवळ घेतलं, माझा दंड दाबून पाहिला, व्यायाम करत जा म्हणाले, आणि मग म्हणाले, "सांग तुझ्या आईला, दिवाळी झाल्याबिगर शेतात कोणी पाय ठेवत न्हाय. माझा शब्द हाय." मी पळत घरी गेलो आणि शेवटचे हे दहा शब्द जसेच्या तसे आईला सांगितले. आईचा चेहरा सैल झाला. तिने मला गूळ-शेंगदाणे दिले. त्या गुळाची चव मला अजून आठवते आणि आठवली की संताप येतो.

आमचं भात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं. दसऱ्यानंतर आठवड्याभरात ते कापायला आलं. आईने चार बायका ठरवल्या. त्या अंबाडीच्या पुढच्या एका पाड्यावरून दरवर्षी कापणीला यायच्या आणि राहनाळला एका ओळखीच्या वाडीत उतरायच्या. जानकीबाय म्हणून एक होती, ती त्यांची म्होरकी. रविवारी सकाळी सात वाजता सुरुवात करायची, आई आणि त्या चौघी मिळून चार दिवसांत शेत मोकळं करायचं, असं ठरलं. शुक्रवारी बाबा घरी होते. मी शाळेतून आलो तर बाबा ओटीवर बसून हसत होते. ते म्हणाले, रविवारी वज्रेश्वरीला जायचं. सगळ्यांनी. काकांनी टेम्पो सांगितलाय.

मी विचारलं, रविवारी तुमची ड्युटी आहे ना. बाबा म्हणाले, काकांनी स्वतः जाऊन शेठला सांगितलंय, एक दिवस सोडा म्हणून. काका कधी कोणासाठी कारखान्यापर्यंत गेलेले मला माहीत नव्हतं. तेव्हा मला ते काकांचं मोठेपण वाटलं. तेरा वर्षांच्या मुलाला तसं वाटणारच, असं लोक मला नंतर म्हणाले. मी ते मान्य करत नाही. मी वर्गात गणितात पहिला यायचो. दोन आणि दोन मला करता यायला हवे होते.

आई येणार नव्हती. ती म्हणाली, तुम्ही जा, माझी मानसं येनारेत. बाबांनी फार जोर केला नाही. ते काम आम्ही केलं. निशाने जेवण सोडलं. मी त्याहून वाईट केलं. मी म्हटलं, सगळ्यांच्या आया येणार आणि आमची शेतात असणार. तुला आमच्यापेक्षा भात जास्त आहे. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, एका दिवसाने काय होतंय, सोमवारी लावू. तिने मलाच सायकलवर राहनाळला पाठवलं. मी जानकीबायला निरोप दिला, की रविवार नाही, सोमवारी सकाळी सातला या. येताना मी गाणं म्हणत सायकल चालवत होतो.

रविवारी आठ वाजता टेम्पो सुटला. मागे गाद्या घातल्या होत्या. आम्ही चौघं, काकी, चुलत भावंडं, आळीतल्या बायका आणि त्यांची मुलं मिळून एकोणीस माणसं. काका आले नाहीत. त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते. त्यांनी टेम्पोपाशी येऊन प्रत्येक मुलाच्या हातावर दोन-दोन लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या. आईने पहाटे चारला उठून पुऱ्या तळल्या होत्या, सुक्या बटाट्याची भाजी केली होती. टेम्पो वळेपर्यंत ती शेताकडे बघत होती. निशाने बाबांना विचारलं, "बाबा, आज ड्युटी न्हाय?" बाबा म्हणाले, "आज तुमचीच ड्युटी." सगळे हसले.

मला आता जे लिहायचं आहे ते लिहिताना सगळ्यात जास्त राग येतो. तो दिवस फार चांगला होता. माझ्या लहानपणात त्याच्याइतका चांगला दिवस दुसरा नाही. मी पुष्कळदा शोधून पाहिलं आहे. अंबाडीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं, मंदाग्नीच्या डोंगरावर अजून हिरवं, आणि टेम्पोच्या फळीवर बसून बाबा आम्हाला कारखान्यातल्या गमती सांगत होते. कोण्या कामगाराने लूमला आपल्या बायकोचं नाव ठेवलं होतं आणि तो बंद पडला की तिच्या माहेरच्यांना शिव्या द्यायचा. बाबांना इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. देवीच्या देवळाच्या बावन्न पायऱ्या मी आणि निशाने मोजत चढल्या, बाबा तिला पाठीवर घेऊन पुन्हा खाली उतरले आणि पुन्हा चढले. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात त्यांनी मला उताणं तरंगायला शिकवलं. पाठीखाली हात धरला आणि म्हणाले, "शंभरपर्यंत मोज, तवर हात काढत न्हाय." त्यांनी चाळीसलाच काढला होता. मी शंभर मोजून झाल्यावर मला ते कळलं, आणि मी एकटा तरंगत होतो म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दीड वाजता जेवणं झाल्यावर आई म्हणाली, निघू या आता, उद्याची तयारी करायचीय. बाबा म्हणाले, गणेशपुरी राहिली की. गणेशपुरी झाली. साडेतीनला आई परत म्हणाली. बाबा म्हणाले, मुलांना नदीवर नेऊ, पुन्हा कधी येणं होतंय. तानसेच्या पाण्यात आईने पाय सोडले. मी तिला असं काही न करता बसलेली कधी पाहिली नव्हती. काकी आणि ती कांद्याची भजी खात होत्या, आणि कशावरून तरी आईला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. बाबा तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. दिवसभर ते घड्याळ बघत होते. मला वाटलं, त्यांना परत जायची घाई आहे आणि आमच्यासाठी ते थांबलेत.

सहाच्या सुमाराला टेम्पो आळीत वळला. उजेड होता. हवेत धूळ होती, पण आमच्या रस्त्याला धूळ नेहमीचीच. निशा माझ्या पुढे उभी होती, तिला आधी दिसलं. ती ओरडली, "आई, बघ, मागं मैदान झालंय! केवढं मोठं मैदान!" तिला खरंच आनंद झाला होता. ती सात वर्षांची होती.

घरामागे लाल मुरूम पसरला होता. नाल्याच्या कडेला चार गुंठ्यांची एक पट्टी सोडली तर सगळं शेत त्याखाली होतं. आधी बुलडोझरने भात आडवं केलं होतं आणि वर मुरूम टाकून दाबला होता. एका डंपरमध्ये किती मुरूम बसतो हे आता मला रोजच्या कामामुळे ठाऊक आहे. अठ्ठावीस गुंठ्यांवर एक फुटाचा थर, बारा डंपर, म्हणजे प्रत्येकी चौदा खेपा, एकूण एकशे अडुसष्ट. एका खेपेला अडतीस-चाळीस मिनिटं. नऊ तास तरी लागतात. आम्ही दहा तास बाहेर होतो. हे गणित मी वीस वर्षांत खूप वेळा केलं आणि दर वेळी उत्तर तेच आलं. आम्ही दीड वाजता निघालो असतो तर तिसरा हिस्सा तरी शेत उभं असतं आणि आई त्यात जाऊन उभी राहिली असती. म्हणूनच गणेशपुरी आणि म्हणूनच नदी.

आई टेम्पोतून उतरली, चप्पल न घालता मुरमावर चालत गेली, मध्यावर कुठेतरी खाली बसली आणि बोटांनी उकरायला लागली. मुरूम हलेना, तेव्हा कडेला जाऊन तिथल्या मातीतून तिने एक काडी ओढून काढली. लोंबी अर्धी तुटली होती. ती घेऊन ती परत आली. सगळ्या बायका आपापल्या मुलांना ओढत घरी निघाल्या होत्या. काकांच्या ओटीवर कोणी नव्हतं, दार लावलेलं होतं. आई बाबांसमोर उभी राहिली.

"तुमाला म्हाईत व्हतं."

बाबा म्हणाले, "दादाचा शब्द गेला व्हता. गोदामवाल्यांना तारीख दिलेली."

"मना दिलेला शब्द कोनाचा व्हता?"

बाबांनी काकांच्या बंद दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "तू हिथं असतीस तर उभी ऱ्हायली असतीस. समोर गाडी असती. काय झालं असतं सांग." ते काळजीनेच बोलत होते, असं माझे काही नातेवाईक आजही म्हणतात. असेल. तिला वाचवायचं होतं तर तिला खरं सांगून चार दिवस आधी कापणी लावता आली असती. चार दिवस. त्यासाठी टेम्पो लागत नव्हता आणि एकोणीस माणसं लागत नव्हती.  आईने उरलेल्या पुऱ्यांचा डबा टेम्पोतून काढला, तो तसाच बाबांच्या हातात दिला आणि आत गेली.

सोमवारी सकाळी बरोबर सात वाजता जानकीबाय आणि तिच्या बायका विळे घेऊन आल्या. मी दिलेला निरोप त्यांनी पाळला होता. त्या मुरमाच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. जानकीबायने आईला विचारलं, "काय कापायचं बाय, दगड?" आईने नाल्याकडच्या पट्टीकडे बोट दाखवलं. पाचजणी मुरूम तुडवत पलीकडे गेल्या आणि खाली वाकल्या. मी शाळेत गेलो नाही. निशाला घेऊन मी मागोमाग गेलो आणि कापलेल्या मुठी गोळा करायला लागलो.

नऊ वाजता डंपर आले. बाराही एकामागे एक उभे राहिले आणि हॉर्न वाजवायला लागले. त्यांच्यावर देखरेख करणारा एक तरुण माणूस होता, त्याने येऊन सांगितलं, "मौसी, ये पट्टी भी भरने की है. दस मिनट में हटो." आई न थांबता म्हणाली, "ग्यारा बजे तक काटेगी. तेरे को जल्दी है तो ले विळा, तू भी काट." बायका हसल्या. त्या माणसालाही हसू आलं, पण त्याने मोबाईल काढून फोन लावला. पंधरा मिनिटांत काका आले. पांढरे कपडे, पायात नवे बूट. मुरमाच्या कडेलाच थांबले. त्यांनी आईकडे बघितलं नाही. नेहमीप्रमाणे मला हाक मारली आणि म्हणाले, "आईला सांग तुझ्या, मूठभर भातासाठी तमाशा नको. चार गोणी कोलम आणून टाकतो आजच्या आज. खा म्हणावं वर्षभर."

मी आईकडे वळलो. तोंड उघडणार तेवढ्यात ती सरळ झाली. डोक्यावरचा पदर कापता कापता खांद्यावर आला होता, तो तिने वर घेतला नाही.

"भावजी, माज्याशी बोला. पोराला मधी घालू नका." काकांनी तिचा आवाज असा कधी ऐकला नसेल. मीही नव्हता ऐकला. "दिवाळीपर्यंत कोणी पाय ठेवत न्हाय, हे माज्या पोरानं मना येऊन सांगितलं. खोटं तुमी बोललात आनि तोंड त्याचं वापरलंत. तुमाला तुमचं तोंड नव्हतं?"

हॉर्न थांबले होते. ड्रायव्हर खाली उतरून बघत होते. काका काहीतरी बोलायला गेले, मानपान, घराणं असं काहीतरी, पण आई पुन्हा वाकून कापायला लागली होती आणि वाकलेल्या माणसाच्या पाठीशी बोलणं त्यांना जमेना. ते परत गेले. बारा डंपर अकरापर्यंत उभे राहिले. अकराला दहा मिनिटं असताना पट्टी संपली. नंतर झोडून, वाळवून, वारवून भात निघालं ते एकशे बारा किलो. शेत पूर्ण असतं तर त्याच्या आठपट.

बाबांनी त्या दोन आठवड्यांत आमच्याशी बोलायचा प्रयत्न केला. मला एकदा म्हणाले, शुक्रवारी शाळेला दांडी मार, आपण पुन्हा कुंडावर जाऊ, तुला पालथं पोहायला शिकवतो. मी निशाला घेऊन बाहेर निघून गेलो. त्यांनी मला तरंगायला शिकवलं ते प्रेमाने शिकवलं की वेळ काढायला, हे मला ठरवता येत नव्हतं. आजही येत नाही. आई त्यांना वेळेवर जेवायला वाढायची, डबा द्यायची, कामापुरतं बोलायची. रात्रंदिवस भांडणारी घरं आळीत होती. आमच्या घरात आवाज चढला नाही. मला वाटायचं, चढला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या आधी आईने पायलीभर भात भिजवलं, भाजलं आणि शेजारच्या बाईला घेऊन उखळात कांडलं. पहिल्या सकाळी दोघं भाऊ मोठ्याच्या घरी एकत्र बसून पोहे खायचे आणि धाकट्या घरातून पोह्यांचा वाडगा तिकडे जायचा, अशी आमच्याकडची पद्धत. तो वाडगा दरवर्षी मी न्यायचो. त्या सकाळी मी हात पुढे केला, तर आई म्हणाली, थांब, मी जाते. दूध, गूळ, ओलं खोबरं घातलेले पोहे घेऊन ती काकांच्या घरात शिरली. मी आणि निशा मागे. काका आणि बाबा पाटावर बसले होते, अंगाला उटण्याचा वास. काकीने त्यांच्यापुढे बाजारातले पोहे वाढून ठेवले होते. आईने त्या दोन्ही ताटल्या उचलून बाजूला सारल्या आणि आपल्या वाडग्यातले पोहे दोन रिकाम्या ताटल्यांत दोघांपुढे वाढले. निम्मे निम्मे, अगदी बरोबर.

"खा," ती म्हणाली. "एवढंच हाय."

आणि ती तिथेच उभी राहिली, खांबाला टेकून, पदर खांद्यावर. काकीने तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. काकांनी एक घास घेतला, इकडेतिकडे बघितलं, दुसरा घेतला. नवे पोहे चिवट असतात, चावायला वेळ लागतो. खोलीत चावण्याशिवाय आवाज नव्हता. काकांना ताटली सरकवून उठता आलं असतं, पण सणाच्या दिवशी धाकट्या घराचा वाडगा कोणी टाकत नाही, आणि हे आईला माहीत होतं. बाबा मान खाली घालून खात होते. अर्ध्यावर त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, खांदे हलायला लागले. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि पाणी मागितलं.

तांब्या माझ्यापासून दोन हातांवर होता. मी तो दिला नाही.